त्याच्या हातचे पाणी

'सर्वांवर प्रेम करा' हे वाक्य आपल्या कानांवर इतक्यांदा पडते की, त्याने आता कोणाचे मन हलत नाही. महाविद्यालयातच पाहा. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यावरची मुले एकीकडे, झरी-जामणीकडची कोलाम मुले दुसरीकडे, शहरातली तिसरीकडे. भांडण नाही, पण जवळीकही नाही. यालाच आपण एकोपा म्हणतो!

ख्रिस्ताने सांगितलेले प्रेम याहून अवघड आहे, असे मला वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. भर दुपारी थकलेला येशू विहिरीपाशी बसला आहे आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीजवळ तो पाणी मागतो. यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. म्हणून तिलाही नवल वाटते. येशूने आधी उपदेश केला नाही, दानही दिले नाही. त्याने मागितले.

देणे त्या मानाने सोपे असते. देणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा राहतो. दुसऱ्याच्या हातचे घेतो तोच त्याला आपल्या बरोबरीचा मानतो. ज्या महाराष्ट्रात पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तेथे हे फोड करून सांगायला नको.

रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, त्या हिंदू म्हणूनच, आपले सोवळे सांभाळून. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनातला जातिभेद गळून पडला, तोही बाप्तिस्म्यापूर्वी, स्वतःच्या विचाराने. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. याच ख्रिस्ती घरात बालकवी ठोमरे धर्म न बदलता घरच्यासारखे राहिले. एकी म्हणजे सर्वांनी एकसारखे होणे नव्हे, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आपल्या यवतमाळातही १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ साली ती पुण्यास जाईपर्यंत निरनिराळ्या पंथांचे आणि प्रांतांचे विद्यार्थी येथे एकत्र शिकले. अर्थात, एका छपराखाली आले म्हणून मने जुळतातच असे नाही. जात चर्चच्या दारातूनही आत शिरली, हे ख्रिस्ती समाजातल्या विचारवंतांनीच सांगितले आहे. तेव्हा हा प्रश्न एका धर्माचा नाही. तो आपल्या सर्वांचा आहे.

कोणी म्हणेल, भेद आहेत ते आहेतच. ते नाकारून काय साधणार? मी भेद नाकारा म्हणत नाही. भेद ठेवूनही हात पुढे करता येतो. मित्रहो, वेगळ्या वाटणाऱ्या सोबत्याला मदत करण्याआधी त्याच्याजवळ काहीतरी मागून पाहा. त्याच्या डब्यातली भाकरी मागा, त्याच्या कोलामीतले वा गोरमाटीतले चार शब्द शिकवायला सांगा. ज्याच्याकडून आपण काही घेतले, त्याला परका म्हणणे मग जड जाते. प्रेमाची सुरुवात, मला वाटते, तेथेच होते.