उरलेले तुकडे

अलीकडेच वसईत एका बाप्तिस्म्याच्या मेजवानीस जाण्याचा योग आला. धर्मगुरूंनी अन्नावर आशीर्वाद मागितला, सर्वांनी भक्तिभावाने 'आमेन' म्हटले आणि तासाभरातच मांडवामागे प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि अर्धवट प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या यांचा ढीग उभा राहिला. त्या ढिगापासून दहा पावलांवर यजमानांची स्वतःची केळीची बाग होती! केळीच्या मुलखात पाहुण्याला जेवायला केळीचे पान मिळू नये?

हा विषय काढला की सुशिक्षित मंडळींचे उत्तर ठरलेले असते : 'हे काम महापालिकेचे. यात धर्म कशाला आणता?' वास्तविक कायदा केव्हाच झाला आहे. महाराष्ट्राने २०१८ साली बंदी आणली; १ जुलै २०२२ पासून तर अशा ताटल्या, पेले, चमचे देशभर निषिद्ध आहेत. म्हणजे तो ढीग बेकायदेशीरही होता. कुणाला त्याचे काही वाटले काय? मांडवात पोलीस नसतो. तेथे सदसद्विवेकबुद्धीच लागते आणि तिची जोपासना करणे हे ख्रिस्तसभेचेच काम आहे.

पाच भाकरींचा चमत्कार आपण बालपणापासून ऐकतो. लोक तृप्त झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ देऊ नका, अशी आज्ञा प्रभूने केल्याचे संत योहान सांगतो. ज्याने पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घातले, त्याला तुकड्यांची वाण होती काय? तरीही बारा टोपल्या भरल्या गेल्या. आपल्या मेजवानीनंतर काय भरते? गटारे, बावखले आणि शेवटी समुद्र. कोळी बांधवांच्या जाळ्यात मासळीबरोबर आपल्याच पिशव्या वर येतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' या परिपत्रकात प्लास्टिकचा वापर टाळण्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. आपण ते परिपत्रक कपाटात ठेवले, उपवासकाळात मांस वर्ज्य केले आणि त्याच काळात क्रुसाच्या वाटेनंतर सरबत मात्र प्लास्टिकच्या पेल्यातून वाटले. (कागदी पेल्याने समाधान मानणाऱ्यांनी त्याच्या आतील अस्तर एकदा नखाने खरवडून पाहावे.)

'गरिबाला परवडत नाही' हा युक्तिवाद मला मान्य नाही. पाचशे पानांच्या पंगती गरीब उठवीत नाही. बाजारात कापडी पिशवी विसरण्याचा दोष माझ्याकडूनही घडतो, हे कबूल करतो. पण विसरणे वेगळे आणि पाचशे पेल्यांची आगाऊ मागणी नोंदविणे वेगळे.

पूर्वी गावकीची भांडी असत. लग्न कुणाचेही असो, घासायला सारी आळी बसे. ती भांडी आज कोणाच्या माळ्यावर आहेत, याचा शोध धर्मग्रामाच्या सणापूर्वी घेऊ या. पाने माझ्या वाडीतून नेता येतील. भल्या पहाटे कापायला कोण येणार, तेवढे कळवावे.