संगणकाचा जीर्णोद्धार

घर पाहावें बांधून व लग्न पाहावें करून, या म्हणीला आतां आणखी एक शेपूट जोडावयास हरकत नाहीं: खेळाचा संगणक पाहावा वाढवून. तिन्हींत साम्य असें कीं, अंदाजपत्रक आधीं तयार होतें आणि प्रत्यक्ष खर्च पुढें त्याला ओळखहि दाखवीत नाहीं.

एकत्र कुटुंबांत या विषयावर दोन पक्ष पडतात. तरुण मंडळी म्हणतात, यंत्र जुनें झालें, सबंध नवें घ्यावें. वडील मंडळी म्हणतात, खेळासाठीं दमडीहि मिळावयाची नाहीं. आमच्या मतें दोन्ही पक्षांचा दोष एकच आहे: यंत्र नेमकें कोठें अडतें हें न पाहतांच ते निकाल देतात. संगणक हा अखंड पाषाण नव्हे. तो सुट्या भागांचा संसार आहे. घरांतील एक माणूस थकला म्हणून कोणी सगळें बिऱ्हाड मोडीत नाहीं.

पडद्यावर दर सेकंदास ६० चित्रें उमटावयाचीं, तर एका चित्राच्या वांट्यास सुमारें १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या अवधींत प्रोसेसरनें कोण कोठें गेला व काय हाललें याचा हिशेब करावयाचा आणि ग्राफिक्स कार्डानें तें चित्र रेखाटावयाचें. पंगतींत आचारी कितीहि चपळ असला, पण वाढपी एकच असला, तर पानें रिकामीं राहतात. उलट वाढपी दहा आणि आचारी मंद, तर ते हातांत पळ्या घेऊन नुसते उभे राहतात. म्हणून पैसे कोणावर खर्चावे हें ठरविण्यापूर्वीं कोणामुळें कोण खोळंबतो हें शोधिलें पाहिजे.

या परीक्षेस खर्च नाहीं. चित्रसंख्येवर घातलेली मर्यादा काढून खेळ चालूं ठेवावा व टास्क मॅनेजरमध्यें ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहावा. तो सतत शंभर टक्क्यांच्या आसपास असेल, तर कार्डच अपुरें पडत आहे. तो पुष्कळ खालीं असूनहि चित्रें अडखळत असतील, तर संशय प्रोसेसरवर किंवा रॅमवर घ्यावा. पडताळा पाहण्यासाठीं खेळाचें रेझोल्यूशन उतरवावें. त्यानें चित्रें वाढलीं तर दोष कार्डाचा. न वाढलीं तर बहुधा प्रोसेसरचा. याच वेळीं मॉनिटरकडेहि नजर टाकावी. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदास ६० हून अधिक निराळीं चित्रें दाखवूं शकत नाहीं. मग महाग कार्डाचें सामर्थ्य बव्हंशीं न दिसतांच वायां जातें. उलट १९२०×१०८० वरून ३८४०×२१६० च्या मॉनिटरकडे गेल्यास ठिपके चौपट होतात, आणि काल पुरेसें वाटणारें कार्ड आज धापा टाकूं लागतें.

कांहीं उपाय अल्पखर्चाचे आहेत, ते आधीं करावे. धूळ काढावी, तापलेलें यंत्र आपली गति आपणच कमी करतें. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी बसवावी, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्यास दोन वाटा होतात. मात्र २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्यामुळें रॅमचे भाव बरेच चढले, म्हणून भाव पाहूनच पाऊल टाकावें. जुन्या हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी घातल्यास खेळ लौकर उघडतो; परंतु तेवढ्यानें चित्रांची संख्या वाढेल अशी आशा धरूं नये.

प्रोसेसर बदलतांना खरी गोम मदरबोर्डाच्या सॉकेटमध्यें असते. एएमडीचें एएम-४ हें सॉकेट २०१६ सालीं आलें, आणि पहिल्या पिढीच्या पुष्कळ बोर्डांवरहि, बायोस अद्ययावत् केल्यास, २०२२ सालचा रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो. बोर्ड करणाऱ्या कंपनीच्या यादींत तें नांव आहे कीं नाहीं एवढें पाहिलें म्हणजे झालें. इंटेलनें मात्र २०२०, २०२१ आणि २०२४ या सालीं डेस्कटॉपचीं सॉकेटें बदललीं. एएमडीचें २०२२ सालचें एएम-५ केवळ डीडीआर-५ रॅम घेतें; जुनी डीडीआर-४ त्यांत बसतच नाहीं. अशा वेळीं एका प्रोसेसरपायीं बोर्ड आणि रॅम असे दोन पाहुणे न बोलावतां येतात. सबंध नवें यंत्र घेण्याचा विचार येथें करावा, तत्पूर्वीं नव्हे.

सर्वांत उपेक्षित भाग म्हणजे पॉवर सप्लाय, ज्याला दुकानांत एसएमपीएस म्हणतात. २०१६ सालचें जीटीएक्स १०६० हें कार्ड १२० वॅटचें, तर २०२३ सालचें आरटीएक्स ४०७० हें २०० वॅटचें. कार्ड बदललें म्हणजे हा हिशेब पुन्हां मांडलाच पाहिजे. "८० प्लस" ही खूण कार्यक्षमतेची आहे, टिकाऊपणाची नव्हे. सुट्या वायरांचा पॉवर सप्लाय बदलतांना जुन्या वायरा नव्याला कधींहि जोडूं नयेत. टोंकें सारखीं दिसलीं तरी आंतली जोडणी निराळी असूं शकते, आणि डिस्कबरोबर घरचीं सारीं छायाचित्रेंहि जावयाचीं. घरोघरीं आढळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो, हेंहि ध्यानांत असावें.

हें सर्व एका कागदावर उतरवावें: आज काय आहे, अडतें कोठें, कोणता भाग, त्यासाठीं आणखी काय बदलावें लागेल, कॅबिनेटमध्यें कार्डाला किती इंच जागा आहे, आणि जुन्या भागाचें पुढें काय. निघालेलें कार्ड धाकट्या भावंडाच्या संगणकांत पुष्कळ वर्षें चालतें. हा कागद मुलानें स्वतः लिहून वडिलांपुढें ठेवावा, व वडिलांनीं तो वाचल्यावांचून नकार देऊं नये, इतकेंच आमचें मागणें आहे. लॅमिंग्टन रोडवर जावयाचें तें त्यानंतर. ज्या मुलानें मोजून मागितलें, त्याला घरचा पैसा कसा खर्चावा याचा पहिला धडा मिळाला. आणि ज्या वडिलांनीं तें वाचून होकार दिला, त्यांच्याजवळ तो मुलगा पुढेंहि मोठ्या खर्चाची गोष्ट मनमोकळेपणें बोलेल.