चालणे आणि तेलाचा हिशेब

पालकसभेला येणाऱ्या भगिनींची एक तक्रार ठरलेली असते : "टीचर, फजरनंतर रोज अर्धा तास चालते, पण वजन काही हलत नाही."

चालणे वाया जात नाही. साखर, रक्तदाब, झोप यांना त्याचा फायदा होतोच. पण हिशेब पाहा. एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिली तेलात सुमारे 120 कॅलरी असतात. 60 किलोच्या बाईच्या अर्ध्या तासाच्या भरभर चालण्यात साधारण तेवढ्याच खर्च होतात. सालनावरची तर्री पोळीने पुसून खाल्ली की चालण्याची कमाई गेली!

म्हणून घरातले तेल मोजा. चौघांना महिन्याला 4 लिटर लागत असेल तर पुढच्या महिन्यात साडेतीनच आणा. माणशी हजारेक कॅलरी कमी होतील. वजन हळू उतरेल, पण घरात कोणाला उपाशी राहावे लागणार नाही. तेल कढईत ओतू नका, चमच्याने घाला. कांदा पाण्याचा हबका देत परतला तरी सालन दाट होते. ईदच्या बिर्याणीतला तळलेला कांदा राहू द्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

महिन्यातून एकदा कंबर मोजा. बाईची 80 आणि पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या वर असेल तर साखर तपासून घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र वजनासाठी जेवण चुकवू नका. साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते.