मेणाचे मौन आणि समीक्षेची वाचाळता

ब्राइस मार्डन (1938–2023) या अमेरिकन अमूर्त चित्रकाराच्या कारकिर्दीचे दोन तुकडे करण्याची रीत समीक्षेत रुळली आहे: आधी मेणमिश्रित रंगाचे एकरंगी ‘मुके’ फलक, मग 1980 नंतरचे रेषांचे, कवितेशी नाते सांगणारे पट. यातला कालक्रम खरा आहे. खोटे आहे ते त्यात दडलेले मूल्यमापन. शब्दाचा टेकू मिळाला की चित्र अर्थपूर्ण झाले, असे मानणाऱ्या संहितापूजक वृत्तीचे ते अपत्य होय.

मुळात मेणाविषयीच अनास्था आहे. या फलकांना सरसकट ‘एन्कॉस्टिक’ म्हटले जाते. त्या ग्रीक संज्ञेत उष्णतेने रंग पक्का करणे अभिप्रेत आहे. मार्डन तैलरंगात मधमाश्यांचे मेण आणि टर्पेंटाइन मिसळी, मिश्रण कोमट ठेवून लावी आणि पात्याने सपाट करी. भाजण्याची क्रिया तेथे नाही. हा भेद म्हणजे निव्वळ पंडिती काथ्याकूट नव्हे. 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्यूझियममध्ये जॅस्पर जॉन्सचे प्रदर्शन भरले, तेव्हा मार्डन तेथे पहारेकरी होता. जॉन्सच्या मेणात कुंचल्याचा प्रत्येक फटकारा चटकन गोठतो आणि सुटा उरतो. मार्डनने मेणाकडून नेमके उलटे काम करून घेतले: फटकारे मिटले, तेलाची चकाकी गेली, प्रकाश पृष्ठभागावरून परतण्याऐवजी जणू आत मुरू लागला. परिणामी रंगाचे नावच डळमळले. ग्रीसमधील हायड्रा बेटावरच्या ऑलिव्हच्या बागांशी निगडित अशा ‘ग्रोव्ह ग्रुप’ या 1970 च्या दशकातील चित्रांपुढे हिरवा म्हणावे तो करडा भासतो, आणि करडा ठरवावे तो शेजारच्या पट्ट्यामुळे पुन्हा हिरवटतो. ज्या समीक्षेला चिन्ह आणि अर्थ यांतील निसटतेपणाचे एवढे कौतुक, तिला हे निसटणे दिसू नये?

‘कोल्ड माउंटन’ (1989–91) मालिका आली आणि समीक्षेला एकदम कंठ फुटला. नऊ फूट गुणिले बारा फुटांची ही सहा चित्रे; हान-शान या चिनी कवीच्या कवितांचा आधार त्यांना आहे. लगेच एकांतवास, झेन, शून्यता! वस्तुतः मार्डनने उचलली ती मूळ कवितांची छापील मांडणी: अक्षरांचे उभे स्तंभ, त्यांच्या जोड्या, मधले अंतर. कवितेचा आशय चित्रात शोधत बसणारे तिचा घाटच विसरतात, आणि हे घाटाची चर्चा करणाऱ्या नियतकालिकांतूनच घडते.

शिवाय तुटले काय? या पटांवरच्या अनेक रेषा त्याने खरवडल्या, घासल्या, वर पांढुरका रंग चढवला. खालून त्यांच्या करड्या सावल्या दिसत राहतात. 1960 च्या दशकातील मेणफलकांच्या तळाशी तो एक अरुंद पट्टी मोकळी सोडी. वर पात्याने पुसलेल्या थरांचे ओघळ त्या पट्टीत उतरून थिजलेले आहेत.