फी माफ झाली, भाकरीचं काय?

“सरकारनं आता मुलींना सगळं फुकट केलंय. अजून काय पाहिजे तुम्हा बायांना?” जुन्नर-आंबेगावात मुलींच्या शिक्षणाचा विषय काढला की सरपंचापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे हल्ली हेच ऐकवतात. मी या दोन तालुक्यांतल्या बायांच्या गटांत काम करते. म्हणून या ‘सगळं फुकट’चा हिशेब एकदा मांडायलाच हवा.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के सवलत मिळाली. वर्षाला सुमारे ९०६ कोटींचा भार सांगितला गेला. हा निर्णय चांगला आहे, आणि तो कुणी भाऊबीज म्हणून घातलेला नाही. तो आपला हक्क आहे.

पण अटी वाचा. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेतला की सवलत गेली. खाजगी अभिमत विद्यापीठं यातून बाहेर. आणि माफ झालं ते फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्क. आमच्या गटातल्या एका बाईच्या मुलीला प्रवेशाच्या वेळी एका महाविद्यालयानं वेगवेगळ्या नावांच्या शुल्कांची यादी हातात ठेवली. ‘शिक्षण शुल्क’ तेवढं शून्य होतं. आईनं कानातलं गहाण ठेवून बाकीचे पैसे भरले.

आहुप्याची किंवा हातवीजची मुलगी रोज घरून पुण्याला जाऊन शिकू शकत नाही. तिला खोली लागते, दोन वेळचं जेवण लागतं, पाळीच्या दिवसांत पाणी असलेलं न्हाणीघर लागतं. फी हा तिच्या खर्चाचा एक तुकडा आहे. उरलेला खर्च कोण करणार, हे घरात ठरतं. आणि घरात काय ठरतं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. हिरड्याचे चार पैसे आले की ते आधी मुलाच्या खोलीभाड्याला जातात. मुलीला म्हणतात, “तालुक्याला आहे ना कॉलेज, ते कर.” सरकारनं फी माफ केली, पण निवड बापाच्याच हातात ठेवली.

आदिवासी मुलामुलींसाठी २०१६ मध्ये ‘स्वयम्’ योजना आली. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले, म्हणजे महिन्याला ५ हजार. त्यात राहणं, जेवण, वह्या-पुस्तकं सगळं बसवायचं. २०१८ मध्ये वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा हीच मुलंमुली पुण्याहून नाशिकला पायी निघाली. खात्यात पडलेल्या पैशावर घरच्यांचाही डोळा असतो. ताटातलं जेवण मात्र मुलीच्याच पोटात जातं. हा फरक त्यांना कळला होता, मंत्रालयाला कळला नव्हता.

मग सांगतात, “कमवा आणि शिका आहे की!” कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेल्या या विचाराबद्दल आदरच आहे. श्रमाची लाज वाटू नये, हा त्याचा गाभा. पण आज वाचनालयात पुस्तकं लावणाऱ्या, कार्यालयात कागद हाताळणाऱ्या मुलीचं काम ‘मदत’ धरलं जातं, मजुरी नव्हे. तेच काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं तर किमान वेतनाचा प्रश्न येतो. बाईच्या कामाला घरात ‘हातभार’ म्हणतात, विद्यापीठात ‘योजना’ म्हणतात. अमेरिकेत शिकवण्याचं काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांना फी माफी आणि भत्ता मिळतो. तरीही ‘आम्ही कामगार आहोत’ म्हणून त्यांनी संघटना बांधल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२ मध्ये ४८ हजार जण संपावर गेले आणि पगारवाढीबरोबर पाळणाघराची मदतही वाढवून घेतली.

पीएच.डी.पर्यंत पोचलेल्या आपल्या मुलींचं काय? २०२२ च्या नियमांत बाईला बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा आणि मुदतीत दोन वर्षांची जादा सूट आहे. कागदावर छान. पण रजेत ती खाणार काय? ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७ हजार झाली, ती नेटमध्ये वरच्या क्रमांकानं येणाऱ्या मोजक्यांना. नेटशिवायची ८ हजारांची फेलोशिप केंद्रीय विद्यापीठांपुरती. पुण्याचं विद्यापीठ राज्याचं. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाईंचं नाव मिळालं, पण जिला कुठलीच फेलोशिप नाही, तिची रजा म्हणजे बिनपगारी बाळंतपण. मुदत वाढवली, तिजोरी उघडली नाही.

आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, मिळालंय ते आधी टिकवू, जास्त मागितलं तर तेही जाईल. मला हे पटत नाही. अर्धी सवलत टिकत नाही. मुली मधूनच गळाल्या की उद्या तेच म्हणतील, ‘फुकट देऊनही शिकल्या नाहीत.’ दोष योजनेचा असेल आणि माथी मुलीच्या बसेल.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू. शिक्षण शुल्काबरोबर इतर शुल्कंही माफ करा. तालुक्याच्या आणि शहराच्या ठिकाणी खानावळीसह मुलींची वसतिगृहं वाढवा. विद्यार्थिनींच्या कामाला किमान वेतनाच्या दरानं मोबदला द्या. राज्य विद्यापीठांतल्या प्रत्येक संशोधक बाईला फेलोशिप आणि भरपगारी बाळंतपणाची रजा द्या.

मैत्रिणींनो, आपापल्या गावात कॉलेजात जाणाऱ्या आणि कॉलेज सुटलेल्या मुलींची यादी करा. फीची पावती, खोलीभाडं, बसभाडं, जेवण असा प्रत्येकीचा खर्च लिहून काढा. या वह्या घेऊन घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात आणि पुण्याला विद्यापीठात जाऊ. ‘सगळं फुकट’ म्हणणाऱ्यांना बेरीज त्यांच्यासमोर करून दाखवू.