घसरत्या गाडीवरचा ताबा

"मुलगा अकरावीत आहे. मामाने दिलेल्या जुन्या संगणकावर रोज संध्याकाळी गाडी आडवी पळवतो. पहिले वळण छान घेतो, दुसऱ्या वळणावर गाडी गरकन फिरते आणि हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हे खूळ म्हणावे की शिकणे? त्याचे वडील टेम्पो चालवतात. उद्या हा टेम्पो घेऊन असले काही करील, याची धास्ती वाटते."

कल्याणकडच्या एका वाचक भगिनीने असे कळवले आहे. ताई, तुमचे प्रश्न दोन आहेत. दोन्हींचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण हा प्रश्न आज पुष्कळ घरांतला आहे.

मुलगा जे करतो त्याला ड्रिफ्ट म्हणतात. वळणावर मागची चाके मुद्दाम घसरवायची, गाडी तिरपी ठेवायची आणि तरीही ती आपल्याला हव्या त्या वाटेने न्यायची. ही कला जपानची. कुनिमित्सु ताकाहाशी हे मूळचे मोटरसायकलचे शर्यतपटू. पुढे १९७०च्या दशकात ते मोटारीच्या शर्यतीत वळणावर गाडी घसरवत नेत. ते पाहून केइइची त्सुचिया या तरुणाने डोंगरातल्या घाटरस्त्यांवर तोच सराव केला. १९८७ साली त्याची चित्रफीत निघाली आणि हे वेड जपानभर पसरले. २००० साली डी-वन ग्रां प्री ही स्पर्धा सुरू झाली, तर २००४ साली अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्टचा पहिला हंगाम झाला. या स्पर्धांत कोण आधी पोचला ते पाहत नाहीत. गाडी किती तिरपी होती, कोणत्या वाटेने गेली आणि चालवण्यात किती सफाई होती, यावर परीक्षक गुण देतात.

घरबसल्या हे शिकवणारे खेळ बरेच आहेत. इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनी या कंपनीचा 'असेत्तो कोर्सा' हा २०१४ साली पूर्ण स्वरूपात आलेला खेळ त्यांपैकी एक. अशा खेळात गाडीचे वजन, टायरची पकड आणि इंजिनाची ताकद यांचे गणित मांडलेले असते. म्हणून तिथे गाडी फिरली तर ती नशिबाने फिरत नाही. कारण असते, आणि ते शोधता येते.

दुसऱ्या वळणाचे गुपित

आता मुलासाठी. बाबा रे, एक ड्रिफ्ट जमणे ही निम्मी विद्या. एकातून दुसऱ्यात न अडखळता जाणे ही उरलेली निम्मी, आणि तीच अवघड.

समज, पहिले वळण उजवीकडे आहे. गाडीची शेपटी डावीकडे घसरली आहे. गाडी फिरू नये म्हणून तू स्टिअरिंग डावीकडे वळवून धरले आहेस. पुढचे वळण आहे डावीकडे. म्हणजे तुझी पुढची चाके आधीच पुढच्या वळणाकडे पाहत आहेत! आता ॲक्सिलरेटर हलका केलास, की मागच्या टायरांना पकड परत मिळते. पुढची चाके नाक डावीकडे ओढतात. एका बाजूला कललेले गाडीचे वजन दुसऱ्या बाजूला येते आणि शेपटी झोपाळ्यासारखी उजवीकडे झुलते. ही झूल तुला निर्माण करायची नाही. ती मोकळी सोडायची आणि वेळेवर पकडायची.

शेपटी झुलू लागली की स्टिअरिंग आपोआप उजवीकडे धावू लागते, कारण गाडी जिकडे सरकते तिकडे पुढची चाके वळू पाहतात. खेळाचे स्टिअरिंग असेल तर त्यातली मोटर हाच जोर तुझ्या हाताला देते. ते घट्ट आवळू नकोस. हातातून फिरू दे. शेपटी हवी तेवढी बाहेर आली की धर, आणि गाडी सरळ रेषेतून पलीकडे जात असतानाच ॲक्सिलरेटर पुन्हा दाब.

चुका मुख्यतः तीन होतात. ॲक्सिलरेटर फार लवकर दाबला, तर वजन बदलण्याआधीच चाके पुन्हा घसरतात आणि गाडी बाहेरच्या कडेला जाते. फार उशिरा दाबला, तर टायर पकड धरतात, गाडी सरळ होते आणि ड्रिफ्ट तुटतो. स्टिअरिंग पकडायला उशीर झाला, तर शेपटी पुढे निघून जाते आणि गाडी गरकन फिरते. तुझे बहुधा हेच होत असावे.

पण आणखी खोल पाहा. पहिल्या ड्रिफ्टमध्ये गाडी फार आडवी केली असेल, तर परतीची झूलही तेवढीच मोठी येते, आणि ती पकडणे हाताच्या वेगाबाहेर जाते. दुसऱ्या वळणावर दिसणारी चूक पुष्कळदा पहिल्या वळणाच्या शेवटी झालेली असते. म्हणून आधी कमी तिरपी गाडी, मग जास्त.

सराव कसा करावा

आधी एकाच खुणेभोवती दुसऱ्या गिअरमध्ये गोल फिरावे. ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवून गाडी गोलात घसरत राहिली पाहिजे. डावा गोल आणि उजवा गोल दोन्ही जमले की दोन खुणा ठेवून इंग्रजी आठचा आकडा काढावा. आठाच्या मध्यावर जे घडते, तेच दोन वळणांच्या मधे घडते. आठ जमल्याशिवाय मोठ्या ट्रॅकवर जाऊ नये.

गाडी रोज बदलू नये. फार ताकदीची गाडीही घेऊ नये. जपानी तरुणांची लाडकी टोयोटा एई-८६ ही १९८३ ते १९८७ या काळात निघालेली १.६ लिटरची हलकी गाडी होती. कमी ताकदीत चूक लपत नाही, आणि वेग जपून ठेवण्याची सवय लागते.

नजर नाकावर नको, पुढच्या वळणावर हवी. कीबोर्डवर ॲक्सिलरेटर एकतर पूर्ण दाबला जातो नाहीतर पूर्ण सुटतो, अधलेमधले काही नाही. साधा गेमपॅड असला तरी पुष्कळ फरक पडतो. महागड्या स्टिअरिंगसाठी घरात हट्ट धरू नये. गाडी फिरली की लगेच पुन्हा सुरू करण्याऐवजी रिप्ले पाहावा आणि ॲक्सिलरेटर केव्हा सोडला, स्टिअरिंग केव्हा पकडले ते तपासावे. एका संध्याकाळी एकच चूक दुरुस्त करायला घ्यावी.

ताई, हे सारे वाचल्यावर तुमच्या लक्षात येईल की मुलगा डोके लावत असेल तर ते शिकणेच आहे. वजन, वेग आणि घर्षण ही त्याच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली प्रकरणे आहेत. वडिलांनी एकदा शेजारी बसून "गाडी का फिरली?" एवढेच विचारावे. उत्तर देता आले तर तो शिकतो आहे. देता आले नाही तर तो नुसता बटणे दाबतो आहे. झोप आणि अभ्यास यांची वेळ मात्र खेळाने खाता कामा नये. गेममधून खरा शर्यतपटू झालेला यान मार्डनबरो याचे उदाहरण मुले देतात. ते खरेच आहे. २०११ साली तो जीटी अकादमी ही स्पर्धा जिंकला आणि २०१३ साली ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला. परंतु असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्या भरवशावर शिक्षण सोडायचे नसते.

रस्ता हा खेळ नव्हे

तुमची धास्ती अनाठायी नाही. खेळातली गाडी बसकी असते आणि फिरली तर एका बटणावर पुन्हा उभी राहते. माल भरलेला टेम्पो उंच असतो. तो आडवा घसरून कठड्याला लागला की उलटतो. त्याखाली कोण येईल, सांगता येत नाही.

कायदाही ध्यानात ठेवावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ आले. अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ज्या घराची चूल टेम्पोवर पेटते, त्या घराला वर्षभर गाडी बंद राहणे परवडेल का? हे मुलाला धाक म्हणून नव्हे, घरचा हिशेब म्हणून समजावून सांगावे.

खेळातून एक गोष्ट मात्र रस्त्यावर जरूर न्यावी. पावसात गाडी घसरली तर घाबरून ब्रेकवर उभे राहू नये. ॲक्सिलरेटर हळूच सोडावा, नजर मोकळ्या रस्त्याकडे ठेवावी आणि स्टिअरिंग न झटकता तिकडेच वळवावे. त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे वळणाआधी वेग कमी ठेवावा, म्हणजे घसरण्याची पाळीच येत नाही. खेळात गाडी हजार वेळा फिरली तरी चालेल. रस्त्यावर एकदाही फिरता कामा नये.