पहिल्या रात्रीनंतरही सोबत राहा



येत्या २६ नोव्हेंबरला, २००८ च्या हल्ल्याच्या स्मरणदिनी, स्मारकांवर पुन्हा फुलं वाहिली जातील, भाषणं होतील, शहिदांची नावं घेतली जातील. त्यात आपण सगळ्यांनी जरूर सामील व्हावं. पण यंदा तुमच्याकडे त्याहून थोडं अधिक मागायचं आहे. आपल्या मुंबईवर झालेल्या हल्ल्यांच्या पहिल्या रात्री आपण काय केलं हे जगाला माहीत आहे. त्यानंतरच्या महिन्यांत आणि वर्षांत काय करायचं राहून गेलं, त्याबद्दल हे आवाहन आहे.

११ जुलै २००६ ची संध्याकाळ आठवा. घरी निघालेल्या गर्दीने भरलेल्या पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. रुग्णवाहिका पोचण्याआधी रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसं धावली. घरातल्या चादरी त्यांनी काढल्या, त्यांच्या झोळ्या केल्या आणि अनोळखी माणसांना उचलून रस्त्यापर्यंत आणलं. त्या चादरी परत मागायला कुणी गेलं नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी रेल्वे स्थानकावर गोळीबार सुरू असताना एका उद्घोषकाने आपली केबिन सोडली नाही, प्रवाशांना कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते तो माइकवरून सांगत राहिला. कामा रुग्णालयातल्या परिचारिकांनी गरोदर बायकांना सुरक्षित खोलीत नेलं आणि दारं लावून घेतली. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असलेल्या पोलीस तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही.

या माणसांचं कौतुक करताना शब्द अपुरे पडतात. मात्र दर हल्ल्यानंतर जे ‘शहर सावरलं’ म्हणतात, त्यांना एवढंच सांगायचं आहे की, दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल पकडणाऱ्या बहुतेकांना घरी बसणं परवडत नव्हतं. कामावर जाणाऱ्या माणसांकडे बोट दाखवून शहर सावरलं असं म्हटलं, की ज्यांचं सावरलं नाही त्यांच्याकडे बघायचं राहून जातं.

आता पहिली विनंती, हातातल्या मोबाइलविषयी. २६/११ ला ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउसमध्ये लपलेल्या दहशतवाद्यांना पाकिस्तानातून फोनवर सूचना मिळत होत्या, आणि सूचना देणारे आपल्याच वाहिन्यांवरचं थेट प्रक्षेपण पाहत होते. जवान कुठून येताहेत, कुठे उतरताहेत, हे त्यांना टीव्हीवर दिसत होतं. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. २०१५ मध्ये वाहिन्यांवर तसा नियमही आला : दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही. वाहिन्यांना नियम आहे, पण आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे आणि त्याला आवर घालणारा फक्त ज्याचा तोच आहे. पोलीस किंवा कमांडो कुठे उभे आहेत याचं चित्रण करू नका. चुकून झालंच, तर पुढे पाठवू नका. मृतांचे, जखमींचे चेहरे तर कधीच पाठवू नका. कुणाच्या आईला मुलाच्या मरणाची बातमी चाळीतल्या ग्रुपवर कळावी, यासारखं दुसरं क्रौर्य नाही. २८ नोव्हेंबर २००८ ला, हल्ला अजून संपलेला नसताना, सीएसटीवर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची अफवा उठली आणि भेदरलेली माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. आज अशी अफवा पाच मिनिटांत विरारपासून कर्जतपर्यंत पोचेल.

दुसरी विनंती रक्तदानाची. हल्ला झाला की आपण रांगा लावतो, ते थोर काम आहे. पण हल्ल्याच्या रात्री कामाला येतं ते आधीच तपासून ठेवलेलं रक्त, आणि साठवलेलं रक्त साधारण ३५ ते ४२ दिवसच टिकतं. एका रात्री हजारो लोकांनी दिलं आणि पुढे मे महिन्याच्या सुट्टीत रक्तपेढ्या रिकाम्या पडल्या, तर उपयोग नाही. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. वर्षातून दोनदा द्या, आणि हल्ल्याच्या रात्री रुग्णालयाने बोलावलं तरच जा, कारण त्या रात्री रुग्णालयाचा रस्ता मोकळा हवा असतो.

शेजाऱ्यांबद्दल बोललंच पाहिजे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत या शहरात सुमारे नऊशे माणसं मेली. त्यानंतर दोन महिन्यांत, १२ मार्चला, शेअर बाजारापासून सहारपर्यंत बॉम्बस्फोट झाले आणि २५७ जणांचा जीव गेला. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी स्फोटांच्या ठिकाणांत, तिथे स्फोट झाला नसताना, मुस्लिमबहुल मशीद बंदरचं नाव मुद्दाम घातलं, एकाच समाजाला लक्ष्य केलं असं वाटून दंगल पेटू नये म्हणून. हे त्यांनीच पुढे जाहीरपणे सांगितलं. राज्यकर्त्याने खोटं सांगावं का, यावर वाद होऊ शकतो. पण त्या खोट्याची गरज वाटावी इतका आपला एकमेकांवरचा विश्वास आटला होता, याची मला आजही लाज वाटते. तरीही त्या मार्चमध्ये मुंबई पुन्हा पेटली नाही. पुढे २००८ मध्ये मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना मूठभर मातीही देणार नाही असं ठणकावलं, आणि ते शेवटपर्यंत त्या निर्णयावर ठाम राहिले. सीएसटीवर मेलेल्यांत वेगवेगळ्या धर्मांचे प्रवासी होते.

एवढं असूनही प्रत्येक हल्ल्यानंतर कुठल्या ना कुठल्या सोसायटीत कमिटीची तातडीची बैठक बसते आणि नाव पाहून भाडेकरूंची चौकशी सुरू होते. शाळेत एखाद्या मुलाला मधल्या सुट्टीत एकटं बसावं लागतं. हात जोडून विनंती आहे, हे थांबवा. भाडेकरूची नोंद पोलिसांकडे करायची असते, ती सगळ्यांची करा, नावात निवड करू नका. आणि हल्ल्यानंतरच्या आठवड्यात, ज्याच्याकडे असं संशयाने पाहिलं जातं त्या शेजाऱ्याच्या घरी मुद्दाम जा, चहा घ्या. मुलांना सोबत न्या.

आता मला ज्याविषयी सगळ्यात तळमळीने बोलायचं आहे, त्याकडे येतो. साक्ष.

२५ ऑगस्ट २००३ ला गेटवे ऑफ इंडियाजवळ एका टॅक्सीत ठेवलेला बॉम्ब फुटला. टॅक्सीचालक जेवायला गेला होता म्हणून वाचला. आपलं पोट भरायचं साधन जळालेलं, पाठीशी कुणी नाही, अशा अवस्थेत त्या माणसाने पोलिसांना आपलं भाडं कोण होतं ते सांगितलं, आणि तपास उभा राहिला. कसाबच्या खटल्यात सहाशेहून जास्त साक्षीदार तपासले गेले. त्यांत सीएसटीवर पायात गोळी लागलेली एक लहान मुलगी होती. तिने भर न्यायालयात कसाबला ओळखलं. ओंबळे यांनी जीव देऊन आरोपी जिवंत हाती दिला. तो गुन्हेगार आहे हे सिद्ध करायचं काम या साध्या माणसांनी पूर्ण केलं. त्याच खटल्यात, त्याच न्यायाधीशांनी, पुरावा पुरेसा नाही म्हणून दोन भारतीय आरोपींना सोडलं आणि वरच्या न्यायालयांनी ते कायम ठेवलं. म्हणूनच त्या निकालाला वजन आहे.

आता दुसरी बाजू पाहा. २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला आधी दोषी ठरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. म्हणजे एकोणीस वर्षांनी त्या स्फोटांत गेलेल्या १८९ जणांच्या कुटुंबांना आपलं माणूस कुणी मारलं याचं उत्तर नाही आणि बारा माणसांची वर्षं गजाआड गेली. उच्च न्यायालयाने कबुलीजबाब मारहाण करून घेतलेले मानले. आणि ज्या टॅक्सीचालकांच्या साक्षींवर सरकार पक्षाची भिस्त होती, ते शंभराहून अधिक दिवस गप्प होते, त्यानंतर त्यांना चेहरे कसे आठवले, असा प्रश्न न्यायालयाने केला. मारहाणीचा जाब तपास करणाऱ्यांनी द्यायचा आहे आणि तो आपण मागत राहिलं पाहिजे. पण त्या शंभर दिवसांकडे पाहून आपणही एक गोष्ट ठरवू शकतो.

काही पाहिलं असेल तर त्याच दिवशी सांगा. पोलीस ठाण्यात एकट्याने जायची भीती वाटते, हे मान्य आहे. चाळीतले चार जण सोबत जा, ओळखीचा वकील घ्या, पण जा. जाण्याआधी घरी बसून कागदावर लिहा : किती वाजले होते, कुठे उभे होतो, काय दिसलं. आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असंच लिहा. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं ठेवा. खाली तारीख घाला. १९९३ च्या खटल्याचा निकाल लागायला २००६-०७ उजाडलं, इतक्या वर्षांनी आठवणीपेक्षा असा कागद जास्त खरा असतो. आणि पंच म्हणून बोलावलं तर नाही म्हणू नका. आपण पाय मागे घेतो म्हणून तेच ते ठरलेले पंच उभे केले जातात आणि उलटतपासणीत पंचनामा उडून जातो. ऑफिस, दुकान, कारखाना चालवणाऱ्यांना वेगळी विनंती : तुमचा माणूस साक्षीला जात असेल, तर त्या दिवसाचा पगार कापू नका. तारखा पडत राहतात, तो पुन्हा पुन्हा जाईल, तरीही कापू नका.

जखमींचं दुःख तर बातम्यांतून आठवड्यात नाहीसं होतं. स्फोटात कानाचे पडदे फाटतात, ऐकू येणं कायमचं कमी होतं आणि त्यापायी नोकरी जाते. शरीरात राहिलेले तुकडे वर्षांनी त्रास देतात. वाढत्या मुलाचा कृत्रिम पाय सारखा बदलावा लागतो. भरपाईचे कागद या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरतात आणि घरातली कमावती बाई त्यात रजा संपवते. आपल्या वस्तीत असं घर असेल तर त्या घराचा एक अर्ज आपण हातात घ्या, शेवटपर्यंत न्या. ते घर दया मागत नाही, फक्त बरोबर चालणारं माणूस मागतं.

३ डिसेंबर २००८ ला गेटवेसमोर हजारो लोक जमले होते. मेणबत्त्या होत्या, घोषणा होत्या, राग खरा होता. पाच महिन्यांनी, ३० एप्रिल २००९ ला लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा मुंबईतल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी मत दिलं नाही. मत देण्याआधी विचारायचे प्रश्न तर समोरच होते. २६/११ चे दहा दहशतवादी समुद्रातून आले. कुलाब्याच्या मच्छीमार नगरातल्या लोकांनी त्यांना उतरताना पाहिलं, हटकलंसुद्धा. तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसाच्या म्हणण्याची वेळेत दखल घेतली गेली नाही. आज किनारा सुरक्षेसाठी १०९३ हा क्रमांक आहे, पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. हे क्रमांक लागतात का, गस्तीच्या बोटींना डिझेल आहे का, स्टेशनवरचं सामान तपासायचं यंत्र चालू आहे का, हे प्रश्न मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा. कोळी बांधवांनी तर हक्काने विचारावेत, समुद्र त्यांच्याइतका कुणाला कळत नाही.

म्हणून येत्या २६ नोव्हेंबरला प्रत्येक सोसायटीने, चाळ कमिटीने, गणेशोत्सव मंडळाने, मशीद-चर्च-विहारांच्या कमिट्यांनी संध्याकाळी अर्धा तास बैठक घ्यावी. वाहतं रक्त दाबून कसं थांबवायचं हे दाखवायला जवळच्या दवाखान्यातून कुणाला तरी बोलवा. नियमित रक्त देणाऱ्यांची यादी करा. आपल्या वस्तीत जुन्या हल्ल्यात जखमी झालेलं कुणी आहे का, विचारा. मोबाइलच्या ग्रुपवर आलेला मजकूर हल्ल्याच्या वेळी कोण तपासणार, ते एका माणसाचं नाव ठरवा. वॉचमन, घरकाम करणाऱ्या बायका, नाक्यावरचे फेरीवाले आणि रिक्षावाले यांना बैठकीला बरोबरीने बसवा, कारण रस्त्यावर आधी त्यांनाच दिसतं. बैठकीची वेळ आजच फलकावर लिहा, आणि भाडेकरूंच्या दारावरही सांगून या.